लाईनवाली आनंदाबाई

सिंदी मेघेत कोणालेही विचारा, आनंदाबाई कुठं राहते, तं तो आधी डोकं खाजवन. पण लाईनवाली म्हणा, की शेंबडं पोट्टं बी तुमच्या पुढं पळत जाऊन तिचं फाटक दाखवन. फाटकाच्या आत मात्र ते पाय टाकणार नाई. दिवाळी सरली, हवा कोरडी पडली, ओठ फुटायले लागले, की आनंदाबाईच्या आंगात लाईन येई. लाईन म्हणजे आपली खांबावरची वीज, तीच. तिनं कोणाच्या हाती सांभाराची, म्हणजे कोथिंबिरीची, जुडी दिली की चट्. सुट्टे पैसे परत केले की चट्. शेजारच्या शकुंतलाबाईले कुंकू लावायले गेली, तं बोटातून कपाळावर अशी ठिणगी पडली की शकुंतलाबाई खुर्चीसकट मागं सरकल्या अन् कुंकू लागलं नाकाले. त्यानंतर त्या कुंकवाची कोयरी स्वतःच हातात घेत, म्हणत, "बाई, तुमी नुसत्या पाहा. मी लावतो माह्या हातानं."

आता हे काई देवाचं देणं नव्हतं, का अंगात येणं नव्हतं. नायलॉनची साडी, पायात प्लास्टिकची चप्पल, वरून पोट्ट्यानं आणलेली फरची शाल, अन् चामडी अशी कोरडी की नखानं त्यावर नाव लिहावं. एवढं सगळं एकमेकावर घासल्यावर दुसरं काय होईन?

पण जन्माची काई ती लाईनवाली नव्हती. लग्न होऊन आली तेव्हा सुती लुगडं नेसे. गावाच्या मागच्या अंगाले, आता जिथं आजूबाजूनं प्लॉट पडले आहेत, तिथं नवऱ्याची, नत्थूजीची, भाजीची वाडी. वांगे, पालक, मेथी, सांभार. दोघंही दिवसभर वाफ्यात. सुती लुगडं चिखलानं जड व्हायचं, धुवायले वेळ, वाळायले वेळ. नत्थूजी मोठे अबोल माणूस, पण डोळे उघडे. एक दिवस भाजी घेऊन वर्ध्याच्या बाजारात गेले ते येतानी पोपटी रंगाची नायलॉनची साडी घेऊन आले. सासूच्या देखत बायकोच्या हाती देणं बरं दिसत नाई, म्हणून पालकाच्या रिकाम्या टोपल्यात ठेवून दिली. आनंदाबाईले टोपलं धुतानी सापडली.

त्याच थंडीत पहिली ठिणगी पडली. सकाळी तिनं पाण्याचा लोटा नत्थूजीच्या हाती दिला अन् दोघांच्या बोटांमधी चट् झालं. लोटा पडला, पाणी सांडलं. आनंदाबाईले वाटलं, आता बोलतीन. नत्थूजीनं आपलं बोट निरखून पाहिलं अन् म्हणाले, "आली व लाईन."

त्यावेळी वाडीवरच्या घरात वीज आली नव्हती. अर्ज देऊन देऊन नत्थूजीच्या चपला झिजल्या होत्या, खांब तीन वावरं पलीकडं येऊन उभा होता अन् पुढं यायचं नाव घेत नव्हता. तं आली गं लाईन, सरकारनं नाई दिली ती बायकोनं आणली, असा त्या बोलण्याचा मतलब. मंग खरीखुरी लाईन आली, बल्ब लागला, पंखा लागला, नयन झाला, मोठा झाला, त्याचं लग्न झालं, रंजिता सून आली. पण दर थंडीत पहिली ठिणगी पडली की नत्थूजी त्याच आवाजात म्हणत, "आली व लाईन." दुसरीलेही तेच, तिसरीलेही तेच. माणूस तसा दिवसभर दहा शब्द बोले, त्यातले हे कधी चुकले नाईत.

अन् आनंदाबाई काई कमी नव्हती. चार माणसांत नवऱ्याच्या जवळ बसणं, हात लावणं, असलं काई त्यायच्या घरात चालत नसे. पण ठिणगीले कोण काय म्हणन? मुद्दाम प्लास्टिकच्या चटईवर चपला घासत घासत येई, चहाचा कप देतानी एक बोट हळूच पुढं करी, अन् चट्. "चुकून लागलं," म्हणे. रंजिता सैपाकघरातून हासे. बुढी होऊन बी हे चालूच.

संध्याकाळी मात्र चुकून काई नव्हतं. दिवसभर पाण्यात उभं राहून नत्थूजीच्या टाचा फुटत. भेगा अशा की त्यात मेथीचं बी पेरावं. तं जेवण झालं की आनंदाबाई जवसाचं तेल वाटीत कोमट करी, त्यायच्या पायथ्याशी बसे अन् टाचा चोळे. पहिला हात लागला की एक चट्, एक "आली व लाईन," अन् मंग तेल लागल्यावर सगळं शांत. तेवढा वेळ तो दोघांचा. त्यात नयन बी बोलायले येत नसे.

लाईनीनं नुकसान नाई केलं असं बी नाई. नयननं भाजीच्या गाडीवर इलेक्ट्रॉनिक काटा आणून दिला होता. पूस महिन्यातल्या एका सकाळी आनंदाबाईनं डोक्यावरून शाल ओढून काढली अन् काट्याच्या ताटलीले हात लावला. चट्. काट्यावर सगळीकडं आठ आठ आठ आले अन् दिवा गेला. बंद करून चालू केला की तो जिवंत व्हायचा, पण डोकं फिरलेलं. चार वांग्यांचं वजन पोतंभर दाखवे. शेवटी पहिलाचा तराजू परत आला.

पण ते हसण्यावारी गेलं. नयनच्या कंप्युटरचं तसं नाई झालं.

नयनचं घराच्या समोरच्या खोलीत झेरॉक्सचं अन् ऑनलाईन फॉर्म भरायचं दुकान. एक दिवस त्यानं कंप्युटरचा डबा खोलला, धूळ काढायले, अन् मधेच कोणी बोलावलं म्हणून उठून गेला. आनंदाबाईनं पाहिलं, पोट्ट्याच्या मशीनीत केवढी धूळ. पदर घेतला अन् मोठ्या मायेनं सगळं पुसलं. आतमधल्या हिरव्या पट्ट्या होत्या, त्या दातात अडकलेलं पान काढावं तशा हळूच काढल्या, पदरानं चमकवल्या, परत बसवल्या. ठिणगी नाई पडली, काई नाई. नयन आला, डबा लावला, बटन दाबलं. ते मशीन त्या दिवसानंतर उठलं नाई.

वर्ध्याहून मेकॅनिक आला. त्यानं पट्ट्या पाहिल्या, विचारलं कोणी हात लावला, अन् आनंदाबाईची साडी पाहून समजला. चांगला पोरगा होता, रागावला नाई. म्हणाला, "मावशी, तुम्हाले जे ठिणगी दिसते ना, ते लय मोठी. मशीनीच्या आतली चीप एवढी नाजूक राहते, का जे ठिणगी तुम्हाले दिसत नाई, समजत नाई, तेवढ्यानं बी ते मरते. नुसता हात लावला तरी."

नुसता हात लावला तरी. हे आनंदाबाईच्या मनात जाऊन बसलं.

नयन बी रागावला नाई. एवढंच सांगितलं, "आई, कशाले बी हात लावायच्या आधी खिडकीच्या गजाले हात लावत जा. आंगातला करंट लोखंडात जाते." अन् दुकानाच्या दारात एक खुर्ची आडवी लावली. कोणासाठी, ते सांगितलं नाई.

मागच्या थंडीची गोष्ट. नत्थूजी वांग्याच्या वाफ्यात खाली बसले ते उठलेच नाईत. घाम, डोळ्यापुढं अंधार. सावंगीकडच्या एका दवाखान्यात नेलं. तिथं समजलं, काळीज चालते पण फार हळू, मधेच थांबते, त्याले मागून ढकलायले मशीन बसवा लागन. डाव्या खांद्याच्या खाली, चामडीच्या आत, चपटी डबी. डबीतून तार काळजात. नत्थूजीनं सगळं ऐकून घेतलं अन् बायकोले म्हणाले, "पाह्य आनंदे, आता माह्या आंगात बी लाईन आली."

ती हासली. ते शेवटचं हासणं.

मशीन बसलं, अन् दवाखान्यातून सुट्टी व्हायच्या दिवशी पौर्णिमा सिस्टर काय करायचं, काय नाई करायचं ते सांगायले आली. सेलूकडची पोरगी, बोलायले गोड. खाटेभोवती सगळे उभे: नयन, रंजिता, आनंदाबाई अन् नत्थूजीचे लहाने भाऊ भैय्याजी. सिस्टर म्हणाली, "बाबा, मोबाईल डाव्या खिशात नाई ठेवायचा. वेल्डिंग चालू असन तिथं उभं नाई राहायचं. मोठ्या चुंबकाजवळ नाई जायचं."

आनंदाबाई मोबाईलपाशीच अडली. मोबाईल चालत नाई? एवढासा मोबाईल, त्याची तं ठिणगी बी पडत नाई. तिनं विचारायले तोंड उघडलं, पण भैय्याजी आधी बोलले. भैय्याजी म्हणजे मयतीत बी दोन माणसं हासवून येणारा माणूस.

"सिस्टर, खरी गोष्ट तं राह्यलीच. आमच्या वयनीले सांगा दादाच्या जवळ जाऊ नोका म्हनून. वयनीच्या आंगात लाईन आहे. काटा मारला, कंप्युटर मारला, आता दादाचं मशीन राह्यलं आहे."

सगळे हासले. नयन हासला, रंजितानं तोंडावर पदर घेतला, नत्थूजी बी हासले. अन् सिस्टर हासली. हासत हासत बाजूच्या खाटेकडं गेली. आनंदाबाई तिच्या पाठीकडं पाहत राहिली. सिस्टर 'तसं काई होत नाई' म्हणाली नव्हती.

तरी त्या दिवशी संध्याकाळी तिनं तेल कोमट केलं. खिडकीच्या गजाले हात लावला, एकदा, मंग परत एकदा. नत्थूजी खाटेवर मखमली ब्लँकेट घेऊन टेकले होते. ती पायथ्याशी टेकली, जवळ सरकली. त्या सरकण्यातच लाईन भरली असन, कारण टाचेले बोट लागलं अन् चट् झालं, नेहमीपेक्षा मोठं. नत्थूजी दचकले. दचकल्यानं खांदा हालला, टाके ओढले गेले अन् त्यायचा हात छातीवर गेला. श्वास घशात अडकला. काई क्षण ते बोललेच नाईत. मंग हासले अन् म्हणाले, "आली व लाईन."

पण आनंदाबाईनं ते थांबणं पाहिलं होतं. तेलाची वाटी उचलून ती आत गेली, चुलीपाशी उभी राहिली. नयनले म्हणाली, "आजपासून बापाच्या टाचा तू चोळत जा. माह्ये गुडघे दुखून राह्यले."

नवऱ्याले खरं काऊन नाई सांगितलं? कारण तो माणूस तिले माहीत होता. सांगितलं असतं तं नत्थूजीनं तिथंच तिचा हात धरला असता, पाहू काय होते म्हणून. खांबावरच्या तारेले बी विचारून पाहणारा माणूस तो. अन् भैय्याजीले सांगावं तं साऱ्या सिंदी मेघेत गोष्ट झाली असती. तं तिनं तोंड शिवलं.

संदुकीतून सुती पातळं काढले. चप्पल सोडली, थंडगार फरशीवर अनवाणी फिरे. शाल टाकून दिली, कुडकुडत राही. ठिणग्या कमी झाल्या, खरंच कमी झाल्या. पण मेकॅनिक पोरगा म्हणाला होता ना, जे दिसत नाई तेवढ्यानं बी. न दिसणाऱ्या ठिणगीपासून कसं वाचावं? मंग हातच लावायचा नाई. पाण्याचा लोटा स्टुलावर ठेवायचा. ताट जमिनीवर ठेवून पुढं सरकवायचं. खाट वेगळी केली, नयनले म्हणाली, त्यायचे टाके दुखतीन माह्या हालण्यानं.

नत्थूजी पाहत होते. अबोल माणूस पाहतच जास्त. थोडे दिवस गेले अन् एका दुपारी, घरात कोणी नाई पाहून, म्हणाले, "आनंदे, अनवाणी काऊन फिरून राह्यली? नवस केला काय?"

तिले पळवाट सापडली. "हो. तुमच्यासाठीच आहे."

"हात नाई लावत तो बी नवसच?"

ती पालक निवडत बसली, चांगली पानं बी कचऱ्यात टाकत गेली.

"असा कोनता देव आहे व, जो घरच्या मानसाले हात लावू नोको म्हनते?"

"अजी, जेवून घ्या. ताट थंड होऊन राह्यलं."

त्यायनी बंडीची गुंडी काढली अन् खांद्याखालची ती जागा उघडी केली. चामडीच्या आत डबी उठून दिसत होती, वरून टाक्याची लाल रेघ. "याची किळस येते तुले? खरं सांग. मले बी येते कधी कधी."

आनंदाबाईच्या तोंडात आलं होतं. सगळं आलं होतं, अगदी ओठावर. पण तिले त्यायचा उजवा हात दिसला, खाटेच्या काठावर, उचलायच्या बेतात. ती झटकन उठली. "कायची किळस," म्हणाली. "गाडीवर कोनी नाई. मी चालली."

नत्थूजीनं गुंडी लावली. त्यानंतर ते घरात बी खांद्यावरून दुपट्टा घेऊन बसत. गरम होत असलं तरी. ती जागा त्यायनी आनंदाबाईले परत कधी दिसू दिली नाई.

बायकांच्या नजरेतून काई सुटत नाई. रंजितानं एकदा विचारलं, "आई, बाबासंग भांडण झालं का तुमचं?" आनंदाबाई म्हणाली, "या वयात कायचं भांडण." अन् रंजिताले वाटलं, झालं असन, मिटन. घरातले लोक असंच समजतात. पोट्टी वाईट नव्हती.

मंग संक्रांत आली. त्यायच्या घरची रीत अशी, का घरधनीण तिळाचा पहिला लाडू देवापुढं ठेवते, दुसरा नवऱ्याच्या तळहातावर. ताटात नाई, तळहातावर. दरवर्षी त्या लाडवासंग एक चट् असे अन् सगळं घर त्या चट् ची वाट पाही. यंदा बी नयन, रंजिता, भैय्याजी, सगळे ओसरीत बसले होते. नत्थूजीनं सकाळीच आंघोळ केली होती, नवी बंडी घातली होती. त्यायनी तळहात पुढं केला.

आनंदाबाईनं लाडू पितळेच्या ताटलीत ठेवला अन् ताटली पुढं सरकवली.

भैय्याजी म्हणाले, "काहो वयनी, यंदा लाईन कापली काय? बिल नाई भरलं?"

कोणी हासलं नाई. नत्थूजीचा तळहात तसाच पुढं होता. तो त्यायनी थोडा वेळ तसाच ठेवला, जणू लाडू येतच आहे. मंग मिटला अन् ताटलीतला लाडू उचलून खाल्ला. "चांगला झाला," म्हणाले. आनंदाबाई आत गेली अन् पिठाच्या डब्याचं झाकण लावत बसली, जे आधीच लागलं होतं.

तिच्या मनात एकच हिशेब होता. फागुन लागू दे. ऊन तापू दे, घाम येऊ दे, आंग ओलं राहिलं की लाईन राहत नाई. होळीनंतर ती त्यायले सगळं सांगणार होती. टाचा चोळता चोळता सांगणार होती. किती हासतीन ते, हे बी तिनं ठरवून ठेवलं होतं.

संक्रांतीनंतर थंडी परत वाढली अन् नत्थूजीच्या छातीत कफ भरला. काळजाचं काई नाई, मशीन आपलं काम करून राह्यलं होतं. पण ताप उतरेना, श्वास पुरेना. परत त्याच दवाखान्यात. त्या धावपळीत आनंदाबाई हाती आली ती साडी नेसली, नायलॉनची. पायात चप्पल घातली. रंजितानं तिच्या खांद्यावर ती फरची शाल टाकली. दवाखान्यात पोहचल्यावर तिचं ध्यान गेलं, अन् मंग तं तिनं खाटेचा लोखंडी कठडा दोन्ही हातानं धरला. लोखंडात जाते म्हणे. जाऊ दे सगळी. कठडा सोडलाच नाई.

दुसऱ्या दुपारी डॉक्टरनं नयनले बाहेर बोलावून सांगितलं. सगळे खाटेपाशी आले. नत्थूजीच्या नाकाले नळी, डोळे अर्धे उघडे. त्यायनी ब्लँकेटवरून हात थोडा उचलला. तळहात वर. संक्रांतीले केला होता तसाच.

"वयनी," भैय्याजी हळू आवाजात म्हणाले, "हात द्या त्याच्या हाती."

आनंदाबाईच्या बोटांची पेरं कठड्यावर पांढरी पडली होती. "मशीन..." ती म्हणाली.

"काय?"

"काई नाई."

नत्थूजीची नजर तिच्या हातांकडं होती. कठडा धरलेल्या त्या हातांकडंच. मंग रंजितानं पुढं होऊन सासऱ्याचा हात आपल्या हातात घेतला. थोड्या वेळानं तिनंच तो खाली ठेवला.

मंग जे करायचं ते सगळं दुसऱ्यांनी केलं. आनंदाबाईले बाहेर बाकावर बसवलं. पौर्णिमा सिस्टर आली, तिनं ओळखलं. बाजूले बसली अन् म्हणाली, "आजी, बाबांच्या छातीतलं मशीन काढून घ्या लागते. अग्नीत ते फुटते, जवळच्या मानसाले लागू शकते. डॉक्टर काढून राह्यले. काई विटंबना नाई होत, दोन टाके घालून देतात." आनंदाबाईनं मान हालवली.

काम झाल्यावर सिस्टर स्टीलच्या ट्रेमधी ती डबी घेऊन आली, घरच्यांनी पाहायची असन तं. केवढीशी. चमकदार, गुळगुळीत, तारेचं टोक कापलेलं. नयननं पाहिलं अन् तोंड फिरवलं.

"बंद पडली?" आनंदाबाईनं विचारलं.

"नाई आजी. हे चालूच आहे. अजून कित्येक वर्ष चाललं असतं."

आनंदाबाई त्या डबीकडं पाहत राहिली. मंग तिनं विचारलं, अगदी हळू, लहान पोरीनं विचारावं तसं. "सिस्टर, एखाद्याच्या आंगात लाईन राहते. हाताची ठिणगी पडते. त्यानं हात लावला तं हे बंद पडते काय?"

"हाताच्या ठिणगीनं?" सिस्टरनं तिच्याकडं पाहिलं. "नाई हो. कंप्युटरची चीप उघडी राहते, म्हनून मरते. हे सगळीकडून धातूत बंद आहे, वरून आंगाचं मांस. तुमची ठिणगी वरच्या वर चामडीवरच विरते. मानसानं मानसाले हात लावाले काई मनाई नाई आजी. कोनी सांगितलं तुम्हाले असं?"

भैय्याजी तिथंच उभे होते, भिंतीले टेकून, डोळे पुसत. आनंदाबाईनं त्यायच्याकडं पाहिलं. त्यायनी बी पाहिलं, अन् विचारलं, "खरंच, कोनी सांगितलं वयनी?"

त्यायले आठवतच नव्हतं. एवढं बोलणारा माणूस, कुठलं कुठलं आठवन?

"कोनी नाई," आनंदाबाई म्हणाली. "मीच समजली."

घरी आणलं तेव्हा ऊन होतं, कोरडी हवा. अंगणात फळी मांडली, तिच्यावर नत्थूजीले निजवलं. आंघोळीचं पाणी तापत होतं. बायका हळद कालवत होत्या. आनंदाबाई घरात गेली अन् जवसाच्या तेलाची वाटी घेऊन बाहेर आली. शकुंतलाबाई म्हणाल्या, "बाई, तेल रंजिता लावन, तुमी बसा." तिनं ऐकलं नाई. वाटी खाली ठेवली. डोक्यावरून ती शाल ओढून काढली तं शालीतून चरचर आवाज आला अन् तिचे पांढरे केस हवेत उभे राहिले. खिडकीच्या गजाकडं ती गेली नाई. फरशीवरून चपला घासत घासत, जशी चहाचा कप घेऊन येई तशी, पायथ्याशी आली अन् खाली बसली.

बोट पुढं केलं. टाचेले लागायच्या आतच ठिणगी पडली. चट्. अंगणातल्या सगळ्याईनं ऐकली. भैय्याजी पाण्याची कळशी घेऊन उभे होते, त्यायचं तोंड सवयीनं उघडलं अन् तसंच मिटलं.

आनंदाबाई थांबली. मान थोडी तिरपी करून, नत्थूजीच्या तोंडाकडं पाहत. दरवर्षी थांबे तेवढीच थांबली. मंग बोट तेलात बुडवलं अन् भेगा भरायले लागली, एक एक करून, घाई न करता. या महिन्यात त्या लय वाढल्या होत्या. नयन घाईघाईनं चोळत असे, त्याच्या हातून आतल्या भेगा सुटून गेल्या होत्या.

कोणीतरी म्हणालं, उशीर होऊन राह्यला. नयननं हातानंच त्याले चूप केलं.

एक टाच झाली. तिनं दुसरा पाय मांडीवर घेतला.